फोनवर गणित विचारणाऱ्या लेकरांना उत्तर पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की दहावीच्या लेकरांच्या हातातला मोबाईल परीक्षा होईपर्यंत काढून घ्या, त्याच्यावर अभ्यास होत नाही नुसता टाइमपास होतो. मला ते अर्धं पटलं. माझी स्वतःची दोन लेकरं आहेत आणि रात्री अकराला गोधडीखालून उजेड दिसला की माझाही जीव जळतो. पण उरलेलं अर्धं काही पटलं नाही, कारण त्याच मोबाईलवर रोज रात्री नऊ ते साडेदहा मी पोरांची गणितं बघते, पाच वर्षांच्या वर झालं आता, आणि त्यात जे कळलं ते कुणाला तरी सांगावं असं लई दिवसांपासून मनात होतं. पत्र लांबणार आहे. कापावं लागलं तर कापा पण श्रेढीचा, म्हणजे सारख्या फरकानं वाढत जाणाऱ्या आकड्यांचा, भाग ठेवा एवढी विनंती.

मी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. परभणीला बीएस्सी केलं गणित घेऊन, मग लग्न झालं, बीएड करायचं राहूनच गेलं, आता शेती आणि घर यातच दिवस जातो. २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा माझ्या जावेची पोरगी दहावीत गेली होती आणि ती मामाच्या गावाला अडकली, तिथून वहीचे फोटो पाठवायची, काकू हे येईना गेलंय बगा. तिच्या वर्षाची बोर्डाची परीक्षा तर २०२१ ला रद्दच झाली, पण तोवर तिच्या मैत्रिणी विचारायला लागल्या होत्या, मग त्यांची भावंडं, मग भावंडांचे दोस्त, असं करत करत आज आमच्या मोबाईलवरच्या ग्रुपात साठेक लेकरं झाली, परभणी हिंगोली जालना बीड नांदेड सगळीकडची. बहुतेक दहावीची, थोडी नववीची, काही अकरावी बारावीची आणि एक जण तर आता इंजिनिअरिंगला गेलाय तरी विचारतो. हा क्लास नाही, पैसे कुणाकडून घेत नाही, घेणार नाही.

पहिली काही वर्षं मी जे करत होते ते चुकीचं होतं हे आधी सांगते. फोटो आला की मी पूर्ण गणित कागदावर सोडवायचे, चांगल्या अक्षरात, खाली उत्तराला चौकट करून फोटो पाठवायचे, लेकरू थँक्यू ताई म्हणायचं आणि मला वाटायचं झालं काम. मग सहामाहीच्या आधीच्या चाचणीत त्यातल्याच एका पोराला २० पैकी ६ पडले. मी विचारलं अरे ही तर आपण केलेलीच गणितं होती की. तो म्हणाला, ताई तुम्ही सोडवलेली सगळी पाठ केली व्हती, पण त्यांनी आकडेच बदलले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरानं मेहनत केली होती हो, दहा दहा वेळा उतरवून काढली होती गणितं, फक्त त्याच्या मेहनतीला मी चुकीच्या वाटेला लावलं होतं.

तेव्हापासून एकच नियम केला. फोटोत गणिताबरोबर तुझं काम दिसलं पाहिजे. चुकलेलं चालेल, खोडलेलं चालेल, अर्ध्यात सोडलेलं चालेल, कोरं चालणार नाही. आणि माझ्याकडून फक्त पुढची एक पायरी मिळेल, नाहीतर एक प्रश्न. सुरुवातीला पोरं रुसली, दहाबारा जण तर निघूनच गेले. त्यातले निम्मे चाचणी झाल्यावर परत आले.

आता एक पायरी म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून श्रेढीचं गणित घेते. बचत गटात एका बाईनं पहिल्या महिन्यात १०० रुपये भरले आणि दर महिन्याला २० रुपये वाढवत गेली, तर १२ महिन्यांत किती झाले. त्याच ६ मार्कवाल्या पोराचं उत्तर आलं २६४०. बरोबर उत्तर २५२० आहे. त्यानं सूत्रात बारा गुणिले वीस घेतलं होतं, खरं तर अकरा गुणिले वीस पाहिजे, कारण पहिल्या महिन्यात वाढ झालेलीच नाही. पूर्वीची मी असते तर सूत्र पुन्हा लिहून 'एन वजा एक' वर लाल गोल केला असता. या वेळी फक्त एवढंच विचारलं की तिसऱ्या महिन्यात ती किती भरते. त्यानं बोटावर मोजलं, १००, १२०, १४०. म्हटलं मग तिसऱ्या महिन्यापर्यंत वीस किती वेळा वाढवले? दोन वेळा. मग बाराव्यापर्यंत? दोनतीन मिनिटं काहीच आलं नाही, नुसतं टायपिंग दाखवत होतं, मग आलं, ताई अकरा!! आणि मग त्यानं स्वतःहून लिहिलं की म्हणजे कुंपणासारखंच हाय की, आमच्या वावराला ३०० फुटात दर १० फुटांवर खांब रोवले तर अंतरं ३० झाली आणि खांब लागले ३१. मी त्याला खांबाचं काही सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्याला सुचलं, बापाबरोबर खड्डे खणलेले होते त्यानं. आता त्याला ते सूत्र कुणी आकडे बदलून विचारा.

बीजगणितात ज्या चुका होतात त्या सगळ्या लेकरांच्या जवळपास सारख्याच असतात, हे साठ वह्या बघितल्यावर कळलं. एकाला येत नाही आणि दुसऱ्याला येतं असं नसतं, सगळे त्याच खड्ड्यात पडतात फक्त वेगवेगळ्या दिवशी. एक्सचा वर्ग बरोबर पाच एक्स असं दिलं की दोन्हीकडून एक्सनं भागून एक्स बरोबर पाच लिहून मोकळे होतात, शून्य हे दुसरं मूळ तिथंच हरवतं. वर्ग बरोबर नऊ म्हटलं की तीन लिहितात, वजा तीन विसरतात. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ए अधिक बी कंसाचा वर्ग. त्याला ए वर्ग अधिक बी वर्ग लिहून टाकतात, मधलं दोन एबी गायब. हे मी किती वेळा सांगितलं असेल, सांगून काही उपयोग होत नाही. तीन अधिक चारचा वर्ग काढ म्हटलं की ४९ येतात आणि नऊ अधिक सोळा पंचवीस, मग म्हणते हे मधले चोवीस कुठं गेले ते शोध. त्यांनी शोधले की सुटलं, मी सांगितले की पुढच्या आठवड्यात पुन्हा गायब.

पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, हे वाक्य तर मला अजिबात आवडत नाही. लेकराला वाटतं बरोबरच्या चिन्हावर काहीतरी जादू बसली आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच काढलं एवढं साधं आहे ते, आमच्या बाजारात भाजी मोजून घेणाऱ्या बाईला ते समजतं. पण एकदा का जादू म्हणून डोक्यात बसलं की मग गुणाकार पलीकडे नेतानाही चिन्ह बदलतात, मी शंभरदा बघितलंय.

वर्गसमीकरणाच्या शाब्दिक गणितात मात्र गंमत येते. आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा १० मीटर जास्त, क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर, रुंदी काढा. पोरं समीकरण मांडतात, २० आणि वजा ३० येतं आणि दोन्ही उत्तरं लिहून मोकळी होतात. मी म्हणते वजा ३० मीटर रुंदीचं वावर दाखव मला, तलाठ्याकडं नोंद करून आण. मग कळतं की समीकरणाला वावर माहीत नाही, ते आपल्याला माहीत आहे, म्हणून शेवटी निवडायचं काम आपलं आहे.

टाइप करण्याचं एक सांगायचं राहिलं. गणित फोनवर टाइप करायला सोयीचं नाही. पोरगं लिहितं एक्स२, आता हा एक्सचा वर्ग का एक्स दुणे? लिहितं १/२एक्स, हे अर्धा एक्स का दोन एक्सवर एक? एकदा अर्धा तास मी वेगळंच गणित सोडवत बसले आणि तो वेगळंच. म्हणून आमच्याकडं टाइप बंद, वहीवर पेनानं लिही, उजेडात धर, फोटो टाक. टाइप करायचंच असेल तर कंस घाल. जे कुणी असं काम करत असतील त्यांनी ही एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करावी, अर्धी भांडणं मिटतात.

भूमितीत वेगळाच त्रास आहे. तिथं लेकरं आकृतीवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. काटकोनासारखा दिसला की काटकोन. आणि हे मलाही झालं, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी चक्रीय चौकोनाचं, म्हणजे चारही टोकं वर्तुळावर असलेल्या चौकोनाचं, एक गणित होतं, आकृतीत कर्ण बरोबर वर्तुळाच्या मधून गेल्यासारखा दिसत होता, मी त्याला व्यास धरलं, म्हणजे समोरचा कोन काटकोन झाला आणि पुढचं सगळं भराभर सुटलं. सेनगावकडचा एक पोरगा आहे, फार कमी बोलतो, त्यानं लिहिलं, ताई केंद्र तर दिलेलंच नाही. खरंच दिलेलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर लिहिलं की माझं चुकलं, याचं बरोबर आहे, आणि पूर्ण गणित नव्यानं केलं. त्या दिवसानंतर पोरं जास्त विचारायला लागली, हे मला आधी कळलंच नव्हतं की त्यांना चुकायची एवढी भीती वाटते. आता ती मला बिनधास्त अडवतात आणि मला त्याचा आनंद होतो.

भूमितीत पायरी देणं म्हणजे बहुतेक वेळा एक रेघ देणं असतं. केंद्रापासून १३ सेंटीमीटरवरच्या बिंदूतून ५ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला स्पर्शिका काढली तर ती केवढी. एका पोरीचं उत्तर आलं १८, मग लगेच खोडून ८. म्हणजे बेरीज करून बघितली, ती जमेना म्हणून वजाबाकी. मी एवढंच लिहिलं की केंद्र आणि स्पर्शबिंदू जोड आणि तिथला कोन किती ते लिही. बाकी काही नाही. वीस मिनिटांनी १२ आलं. मधल्या वीस मिनिटांत तिनं पाठ्यपुस्तकातलं स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय पहिल्यांदा नीट वाचलं, असं तिनंच नंतर सांगितलं, आधी फक्त सिद्धता पाठ होती.

ही पोरगी धारूर तालुक्यातली. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ही आजीकडं राहते, फोन भावाकडं आणि भाऊ कामावरून येतो रात्री दहाला. म्हणजे हिचा फोटो यायचा सव्वादहा साडेदहाला, आणि माझा वेळ तेव्हा संपत आलेला असायचा. मी तिच्यासाठी अकरापर्यंत थांबायला लागले. त्या वाचकांना मला हेच विचारायचंय की हिच्या हातातला तो पाऊण तासाचा मोबाईल काढून घेतला तर हिनं विचारायचं कुणाला? शाळेतल्या सरांना विचारावं असं म्हणणं सोपं आहे, सर चांगले असतील तर विचारतेच ती, पण गणित अडतं रात्री, वही घेऊन बसल्यावर.

समरूपतेच्या, म्हणजे सारख्या आकाराच्या त्रिकोणांच्या, धड्याच्या वेळी मी सगळ्यांना एक काम दिलं होतं, पोळ्याच्या आसपास, घराजवळच्या झाडाची उंची सावलीवरून काढा. या पोरीनं सकाळी स्वतःची सावली मोजली, उंची ५ फूट आणि सावली ८ फूट, मग घरकाम करून दुपारी बाराला कडुलिंबाच्या झाडाची सावली मोजली ती निघाली ६ फूट. उत्तर आलं पावणेचार फूट. तिनं लिहिलं, ताई लिंब माझ्यापेक्षा बुटका निघालाय, पण आमचे शेजारी त्याच्यावर चढून पाला तोडतात. मी विचारलं दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजल्या का. बस. तिसऱ्या प्रहरी आजीला टेप धरायला लावून तिनं पुन्हा मोजलं, स्वतःची ४ फूट आणि झाडाची २० फूट, झाड २५ फुटांचं. सूर्याचा कोन तोच असला तरच दोन त्रिकोण समरूप होतात, हे वाक्य तिनं वहीत स्वतः लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मी ते वाक्य कधी कुणाला सांगितलं नसतं, मला वाटलं असतं हे तर कळतंच.

आता अकरावीच्या लेकरांचं. मराठी माध्यमातून दहावी झालेलं लेकरू लातूरला किंवा नांदेडला सायन्सला जातं आणि पहिल्या महिन्यात मला मेसेज येतो की ताई मला गणित येत नाही. ज्या पोराला दहावीत ८० च्या वर मार्क होते त्याचा असा मेसेज येतो. येतं रे बाबा तुला. तुला शब्द येत नाहीत. विवेचक तुला येतो, बी वर्ग वजा चार एसी, झोपेत विचारलं तरी सांगशील, फक्त त्याला तिथं डिस्क्रिमिनंट म्हणतात. सहगुणक म्हणजे कोइफिशियंट, जीवा म्हणजे कॉर्ड, क्रमिका म्हणजे सीक्वेन्स, करणी म्हणजे सर्ड. आणि काही ठिकाणी खरंच घोटाळा होतो, आपल्याकडं आयताचा कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण दोन्हीला कर्णच म्हणतात, इंग्रजीत एक डायगोनल आणि एक हायपोटेनस, मग पोरगं गोंधळतं की हे दोन वेगळे कसे झाले. उलटंही आहे, इंग्रजी माध्यमातल्या पोरांना मी इष्टिकाचिती म्हटलं की ती गप्प बसतात, मग म्हणते अरे इष्टिका म्हणजे वीट, विटेसारखा आकार तो, की लगेच उजेड पडतो. मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून एक वहीच केलीय, दीडशे शब्द झाले असतील, तिचे फोटो दर जूनमध्ये अकरावीत जाणाऱ्यांना पाठवते. एवढ्यानं निम्मी भीती जाते. कुणाच्या बुद्धीत काही कमी नसतं हो, आणि केवळ शब्दापायी लेकरं सायन्स सोडून येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

इंजिनिअरिंगचा जो पोरगा आहे त्याचा एक प्रश्न मला अजून आठवतो. एक, एकद्वितीयांश, एकतृतीयांश, एकचतुर्थांश अशी बेरीज करत गेलं तर पदं शून्याकडं जातायत, म्हणजे बेरीज कुठंतरी थांबणारच ना ताई? हा प्रश्न भारी आहे, कारण अर्धा, पाव, आठवा भाग अशी बेरीज केली तर ती खरंच थांबते, अर्धी भाकरी खाल्ली मग पाव मग आठवा भाग, जन्मभर खात बसलात तरी एका भाकरीच्या वर जाणार नाही. मग पहिल्या बेरजेत काय वेगळं आहे? मी म्हटलं पदांचे गठ्ठे बांध. एकतृतीयांश आणि एकचतुर्थांश मिळून अर्ध्याच्या वर जातात का बघ. पुढची चार पदं, पाचव्यापासून आठव्यापर्यंत, ती मिळून? तीही अर्ध्याच्या वर. पुढची आठ? तीही. म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यातून अर्धी भाकरी मिळतेय आणि गठ्ठे संपत नाहीत. तो म्हणाला मग बेरीज कितीही मोठी होईल की. होते, पण मुंगीच्या पावलानं, दहाच्या वर जायला १२३६७ पदं लागतात. त्यानं ते रात्री प्रोग्राम लिहून तपासलं आणि दीड वाजता मला स्क्रीनशॉट पाठवला, माझ्या मिस्टरांना वाटलं कुणाकडं काहीतरी वाईट झालं म्हणून फोन वाजला. त्याला मी रागावले, पण आतून मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

आपल्या भागात हे काही नवीन नाही. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं गेलं की पाटणादेवी लागते, तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं लिहिलेलं आहे, आठशे वर्षं झाली त्याला. आजोबांची लीलावती ११५० ची. तिच्यात श्रेढीचं एक गणित आहे, एका माणसानं पहिल्या दिवशी ४ द्रम्म (तेव्हाची नाणी) दान दिले आणि रोज ५ वाढवत गेला, तर पंधरा दिवसांत किती दिले ते पटकन सांग सखे. मी हे गेल्या वर्षी जसंच्या तसं पोरांना दिलं. तो सुरुवातीचा ६ मार्कवाला पोरगा, आता तो बारावीत आहे बरं का, त्यानं घाईत पुन्हा वाढ एकदा जास्त धरली आणि उत्तर काढलं ६२२ आणि वर अर्धा. पाठवलं आणि मी वाचायच्या आत डिलीट केलं. मग लिहिलं, ताई थांबा, सगळे द्रम्म पूर्ण पूर्ण देतोय तर शेवटी अर्धा कुठून येईल? पाच मिनिटांत ५८५ पाठवलं. चूक त्याची त्यानं पकडली, मी मधे एक शब्द बोलले नाही. मला तरी याच्यापेक्षा मोठी मार्कशीट बघायची नाही.

आता फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲपं आलीत, ती पोरांकडं आहेत, मला माहीत आहे. ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही, स्वतः सोडवून झाल्यावर उत्तर पडताळायला चांगलीच आहेत. पण अडल्या अडल्या पहिल्या मिनिटाला तिथं गेलं की ते लेकरू उतरवून घेतं आणि त्याला वाटतं आलं. काही मोठी माणसंही तसंच करतात. कुणी गणित विचारलं की आधी कोण सोडवतो याची शर्यत लागते, तीन जण तीन पद्धतीनं पूर्ण उत्तर टाकतात, एकमेकांना शाबासकी देतात, आणि ज्या लेकरानं विचारलं ते बिचारं बाजूलाच राहतं. त्याला कुणी विचारतच नाही की तू कुठवर आला होतास. या मोठ्या माणसांना माझं हात जोडून सांगणं आहे की तुमचं ज्ञान आम्हाला मान्य आहे, पण त्या लेकराला दहा मिनिटं अडकू द्या.

आणि एक सावधगिरी, हे घरच्यांसाठी. आमच्याकडं प्रत्येक लेकराबरोबर घरातल्या एका मोठ्या माणसाचा नंबर असतोच. फक्त वहीचा फोटो, चेहऱ्याचा नाही, घराचा नाही. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, मी कुणा लेकराला वेगळा फोन करत नाही आणि कुणी करायला लागलं तर त्याला काढते. एकदा एक जण शिकवतो म्हणून आला आणि पोरींना वेगळे मेसेज करायला लागला, दोन दिवसांत बाहेर केला. आईबापांनी मोबाईल काढून घेण्यापेक्षा रात्री लेकराशेजारी दहा मिनिटं बसून बघावं की कोण काय शिकवतंय. गणित कळत नसलं तरी माणूस कळतो.

माझ्या एकटीच्यानं साठच्या पुढं जमत नाही, रोज दोनचार जणांना नाही म्हणावं लागतं आणि ते जिवावर येतं. आपल्याकडं निवृत्त झालेले किती गणिताचे सर आहेत, बीएस्सी एमएस्सी करून माझ्यासारख्या घरी असलेल्या किती बाया आहेत, संभाजीनगरला पुण्याला रूम करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं आहेत, त्यांनी दिवसाची वीस मिनिटं आणि पाच लेकरं घेतली तरी पुष्कळ. पाचच घ्या, पन्नास घेऊ नका, पन्नास घेतली की मग उत्तरंच पाठवावी लागतात.

संपादक साहेब, तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या पेपरात आठवड्याला एक गणित छापा. दहावीच्या लेकराला झेपेल असं, कधी बीजगणित कधी भूमिती कधी श्रेढी, मराठी शब्दाशेजारी अकरावीत लागणारा शब्दही छापा, आणि उत्तर त्याच अंकात कोपऱ्यात उलटं करून छापू नका. उत्तर पुढच्या आठवड्यात. गावात पेपर वाचनालयात येतो, हॉटेलात येतो, केस कापायच्या दुकानात येतो, आठवडाभर चार माणसं त्याच्यावर भांडतील तर भांडू द्या.

पहिलं गणित मीच देते. एका आयताकृती वावरात एका कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्यावर बांधाबांधानं चालत गेलं तर १७० मीटर पडतात, मधून तिरपं गेलं तर १३० मीटर. तर वावर किती आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर)? लांबी रुंदी वेगळी काढायची गरज नाही. उत्तर वेगळ्या मेलमध्ये पाठवलंय, ते आठवडाभर उघडू नका.

आपली,
एक नियमित वाचक
ता. जिंतूर, जि. परभणी